वृद्धाश्रमातल्या माणसाच्या वतीने बोलताना

वृद्धाश्रमातली कुणाची तक्रार कानावर आली की आपल्या इंदूरात सल्ला ठरलेला: मंगळवारी जनसुनवाईत, म्हणजे कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथं, कागद देऊन या. पण आजींना विचारलंय का? रात्री तिथं त्यांना झोपायचंय, आपल्याला नाही. त्या नको म्हणाल्या तर कागद निघत नाही.

विचारायचं एकट्यात. व्यवस्थापक दारात उभा असला की सगळं छानच असतं. श्रवणयंत्राचा सेल आधी बघा. कधीकधी 'आजी विसराळू झाल्यात' याचं कारण तेवढंच निघतं. पाण्याचा पेला हात पोचेल असा आहे का? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्यांना विचारूनच माकडहाड आणि टाचा पाहा. बोटानं दाबूनही लाली फिकी होत नसेल, तर जखम सुरू झालीय. त्यासाठी अर्जाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

अर्ज एका पानाचा, एकाच मुद्द्याचा. 'काळजी घेत नाहीत' याला कुणी उत्तर देत नाही. 'अमुक तारखेला रात्री नऊची गोळी मिळाली नाही' याला द्यावं लागतं. अंगठा असेल तर वाचून दाखवल्याची नोंद हवी आणि साक्षीदार आश्रमाच्या नोकरीतला नको. पहिली प्रत व्यवस्थापकाला, मग संस्थेच्या कार्यकारिणीला, मग सामाजिक न्याय विभागाला. प्रत्येक वेळी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. कुठं जावं कळेना तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

गल्लत होते ती न्यायाधिकरणाची. 2007च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली निर्वाहाचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज या न्यायाधिकरणात एसडीएमपुढे (उपविभागीय अधिकाऱ्यापुढे) चालतो तो मुलांविरुद्ध किंवा कायद्यात बसणाऱ्या नातेवाइकांविरुद्ध. आश्रमातल्या पातळ वरणासाठी नाही. आजींना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित, अपवाद म्हणून आणखी 30. घर मुलाच्या नावे करून दिलं असेल तर ते रद्द करून घ्यायला त्याच कायद्याचं कलम 23 आहे, पण सांभाळ करण्याची अट होती हे दाखवावं लागतं. नुसत्या बक्षीसपत्रावर लोक इथंच अडकतात.

पेन्शनचं पासबुक ऑफिसच्या कपाटात असेल तर हयातीचा दाखला कोण देणार तेही विचारा: नोव्हेंबरात, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून.

तक्रारीनंतर आठवड्याच्या आत परत जा, न कळवता. राग उघड निघत नाही. चहा शेवटी येतो, घंटेला उशिरा कुणी येतं. आणि शिक्क्याची प्रत आजींच्या उशाखाली ठेवू नका, आपल्या घरी ठेवा.