डिकी आधी उघडायला हवी होती

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

माझं गॅरेज देवरुखकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. पिकअप, रिक्षा, वडापच्या गाड्या हे बारमाही काम. मे महिना मात्र चाकरमान्यांचा. बाहेरच्यांना वाटतं घाटात गाड्या तापतात तेच काम जास्त असेल, पण तसं नाही, मे महिन्यात माझी निम्मी कामं उंदराने वायरी खाल्ल्याची आणि काचेवर फणस पडल्याची असतात.

तर दोन डोंगर ओलांडून एक वाडी आहे, तिथल्या एका घरातून फोन आला. वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, 86 ची, 2012 पासून उभी आहे, कोल्हापूरचा एकजण घेतोय पण गाडी स्टार्ट होत असेल तरच ठरलेले पैसे देणार, नाहीतर भंगाराचा भाव. परवा दुपारी ट्रक येणार. होईल का?

आता पद्मिनी म्हटलं की मी नाही म्हणत नाही. 1996 ते 2009 मी लालबागला मामाच्या गॅरेजमध्ये होतो, दिवसाला सात-आठ काळी-पिवळी यायच्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी, 1089 सीसीचं इंजिन, स्टेअरिंगला गिअर, आणि बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, हात कुठेही जातो. ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा मी दिवसभर कुणाशी धड बोललो नव्हतो. आजची पोरं गाडीला स्कॅनर लावतात आणि तो सांगेल तो पार्ट बदलतात, त्यांचा दोष नाही, त्यांना शिकवलंच तसं, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला प्लग मारत नाही हे सांगणारा एकही पोरगा मला गेल्या पाच वर्षांत भेटलेला नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी गेलो. गोठ्याला लागून पत्र्याची शेड, तिच्यात गाडी. चारही टायर बसलेले. हँडब्रेक ओढून ठेवलेला, म्हणजे बारा वर्षांत मागचे लायनर ड्रमला चिकटून बसलेले. हे मी आयुष्यभर सांगत आलोय, गाडी उभी करून ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, चाकाला दगड लावा, पेट्रोल काढून टाका, बॅटरी सोडवा. कोणी ऐकत नाही. गाडी उभी करताना प्रत्येकाला वाटतं पुढच्या गणपतीला येऊन चालू करू.

घरात काकू एकट्याच असतात, पंच्याहत्तरीच्या. मुलगा आणि सून मुंबईहून आलेले. काकू म्हणाल्या, "चालू करतोयस ते कर, पण हिला उगाच ठोकू नकोस रे. ह्यांनी कधी दार आपटू दिलं नाही कुणाला."

प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. तेवढ्या वेळात मला तीन गोष्टी दिसल्या होत्या, आणि तिन्ही मी सोडून दिल्या.

पहिली म्हणजे गाडीच्या टपावर आणि मागच्या काचेवर बियांचा सडा होता, जांभळाच्या, करवंदाच्या. मला वाटलं वटवाघळं असतील. दुसरी, वायरिंग. बारा वर्षं उभी असलेली गाडी आणि एक वायर कुरतडलेली नाही, सीटमध्ये उंदराचं घर नाही, लेंड्या नाहीत. असं होतच नाही. मी मुलाला कौतुकाने म्हटलं, "दादा, तुमच्या गाडीचं नशीब बघा." तिसरी, वास. मागचं दार उघडलं तेव्हा आतून भाताचा वास आला. आंबेमोहोर शिजताना येतो ना, तसाच. दिवेलागण झाली होती, वाटलं घरात भात लावलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. ड्रम हलक्या हाताने ठोकून चाकं सोडवली, चौथा गिअर टाकला, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवायला घेतलं. पाव फेरा, अडकलं. उलटं फिरवलं. परत पुढे. असं वीस मिनिटं करत राहिलो आणि मग एकदम हाताला कळलं, सुटलं. पिस्टन सुटतात ना तेव्हा त्या चाकातून हाताला जे कळतं ते मला शब्दात सांगता येणार नाही, पण त्याच्यासाठी मी हा धंदा करतो.

मग कार्बोरेटर उतरवला. तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, फोडलं तर प्रत्येक खणात गुंगी आलेले कोळी भरून ठेवलेले. जेट पेट्रोलमध्ये भिजवले, बारीक तारेने नाही, फुंकर मारूनच साफ केले, तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते, हे अर्ध्या मेस्त्रींना कळत नाही. पॉइंट काळे पडले होते, पॉलिश पेपरने घासले, फिलरची पात घालून गॅप लावला, प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने तपासल्या, माझी बॅटरी लावली, प्लगची ठिणगी बघितली. निळी, कडक.

एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा कडक होऊन फाटला होता. टाकीतलं पेट्रोल तर कधीच वार्निश झालेलं. म्हणून मी पेट्रोलची बाटली बॉनेटच्या हुकाला सलाईनसारखी टांगली आणि पाईप थेट कार्बोरेटरला दिला. टाकीला हात लावायचं कामच पडलं नाही, त्यामुळे डिकी उघडली नाही. चावीने उघडत नव्हती, गंजली होती, म्हटलं नंतर बघू. सायलेन्सरचा डबा मागे फाटलेला मला दिसला होता. त्याच्या वरचा पत्राही गंजून हाताएवढं भोक पडलेलं दिसलं होतं. पण गाडी दोन-चार मिनिटं चालवून ट्रकवर चढवायची, त्यासाठी सायलेन्सर कोण बघतो?

साडेअकराला सेल्फ मारला. तिसऱ्या वेळेला फटफट झालं, चोक थोडा आत ढकलला, आणि चालू झाली. आधी तीन सिलिंडरवर, मग चौथं धरलं. सिलिंडरमधलं ऑइल जळून मागून निळा-पांढरा धूर निघाला, शेड भरून गेली. वाडीतली माणसं जमली, मुलगा व्हिडिओ काढत होता, काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मी एक्सलेटरवर पाय ठेवून बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला गाडी बंद करायची नव्हती. टॅपेटचा तो आवाज मी पंधरा वर्षांनी इतका स्वच्छ ऐकत होतो. चार मिनिटं चालवली असेल, पाचही असतील.

तेवढ्यात मागे पोरं ओरडली. गाडीखालून एक जनावर सुटलं, मांजरापेक्षा लांब, काळपट, शेपटी अंगाएवढी, तोंडावर मुखवटा चढवल्यासारखं, आणि भर दुपारी सगळ्यांच्या पायांतून जाऊन फणसावर चढलं. कोणीतरी म्हणालं, "कांडेचोर!" उदमांजर. ते फांदीवर थांबून खाली गाडीकडेच बघत होतं. तेव्हा मला भाताचा वास आठवला आणि मी चावी फिरवली.

मागच्या सीटची पाठ उचकटून काढली. तिच्या मागे, डिकीच्या कोपऱ्यात, एका जुन्या गोधडीवर तीन पिल्लं. तळहाताएवढी, डोळे मिटलेले. तिथे धूर कोंडलेला. दोन वळवळत होती. तिसरं नाही. मी ते हातात घेतलं, बाहेर आणलं, तोंडावर फुंकर घातली, अंगठ्याने छाती चोळली. ते गरम होतं. पण गरम तर ती गोधडीपण होती.

1926 ला फोन लावला, वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर. तासाभराने वनरक्षकाचा फोन आला, म्हणाला दोघांना आहे तिथेच ठेवा, दारं उघडी टाकून हवा जाऊ द्या, माणसं हटवा, आई रात्री येऊन नेईल. वास आला होता का, असं त्यानेच विचारलं. उदमांजराच्या अंगाला तसाच वास येतो म्हणाला.

दोनला ट्रक आला. ड्रायव्हर म्हणतो भाडं बुडेल, कोल्हापूरचा माणूस फोनवर आवाज चढवतोय, मुलाची सुट्टी संपत आलेली. जमलेल्यांतला एकजण म्हणाला, काढून टाका बाहेर झाडाखाली, कोंबड्या खाणारं जनावर, त्याचं काय एवढं. वन्यप्राणी म्हणजे वाघ-बिबट्या, असंच लोकांना वाटतं, आपल्या कौलांवर राहणारा त्यांना दिसतच नाही. मी म्हटलं गाडी आज हलणार नाही. मला तो हक्क नव्हता, गाडी माझी नव्हती. मुलगा चिडला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याने मला गाडी चालू करायला बोलावलं होतं. शेवटी काकूच म्हणाल्या, "बारा वर्षं उभी आहे, दोन रात्री राहिली तर काय झिजत नाही. ट्रकाचं भाडं मी देते."

संध्याकाळी वनरक्षक स्वतः आला. तिसरं पिल्लू बघून म्हणाला, आधीच अशक्त असेल, नक्की काही सांगता येत नाही. चांगला माणूस. माझ्यासाठी म्हणाला की खरंच तसं असतं, हे मी त्याला विचारलं नाही.

रात्री आम्ही दोघं ओटीवर अंधारात बसलो. साडेबाराच्या सुमाराला ती आली. शेडच्या पत्र्यावरून उतरली, आत गेली आणि एक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. वीसेक मिनिटांनी परत आली, दुसरं नेलं. वनरक्षक हळूच म्हणाला, झालं. पण ती तिसऱ्यांदा आली. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून सीटच्या कापडावर नखांचा आवाज येत होता, गोधडी ओढल्यासारखा. मग बाहेर आली, तोंड रिकामं, बॉनेटवर थोडी थांबली आणि गेली.

तिसरं मी संध्याकाळीच फणसाखाली पुरलं होतं.

दोन दिवसांनी दुसरा ट्रक आला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली आणि स्वतःच्या चाकांवर फळीवरून चढली. आधी सायलेन्सर पट्टी मारून बंद केला होता, डिकीचं कुलूप तोडलं होतं.

जूनमध्ये काकूंचा फोन आला. म्हणाल्या माळ्यावर रात्रभर धावपळ असते, कौलं सरकवलीत, पावसाचं पाणी आत येतंय, कौलं परतायला माणूस बघून दे. त्या माळ्यावरून खाली भाताचा वास येतो म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुझे पैसे राहिलेत, बिल घेऊन ये. मी हो म्हटलं. कौलांना माणूस पाठवला. बिल अजून केलेलं नाही.