महेश्वर ते इंदूर: जामघाट उन्हात चढू नका

आमच्या दोन दिवसांच्या सायकल राईडच्या पत्रकात आयोजकांनी दोन्ही दिवसांपुढे एकच मजकूर छापला होता: ‘अंदाजे ९० किमी, मध्यम.’ शनिवारी इंदूर ते महेश्वर, रविवारी परत, रस्ता तोच: महू, जामगेट (जामघाटाच्या माथ्यावरचा जुना दरवाजा), मंडलेश्वर. शनिवार छान गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. रविवार मात्र मध्यम नव्हता. ज्याने हा शब्द छापला त्याने हा घाट गाडीच्या काचेतूनच बघितला असणार.

हिशेब साधा आहे. निमाड, म्हणजे महेश्वरकडचा सखल भाग, समुद्रसपाटीपासून दीड-दोनशे मीटरवर, माळव्याचं पठार साडेपाचशे-सहाशेच्या आसपास आणि विंध्याची कड त्याहूनही वर. जाताना ही उंची तुम्ही ब्रेक दाबत फुकटात उतरता, येताना ती सगळी पायांतून वसूल होते. तीही नव्वद किलोमीटरवर वाटून नाही. मंडलेश्वर सोडल्यावर रस्ता बराच वेळ सभ्यपणे वर सरकतो, आणि मग डोंगर समोर आला की शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सगळं एकदम मागून घेतो. माझ्या मीटरवर काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्या वर दिसत होता. मागच्या चाकाला ३२ किंवा ३४ दातांची गिअरची चकती नसेल तर ढकलत जाण्याची तयारी ठेवा. आमच्यातल्या निम्म्यांनी ढकलली.

तरी चढापेक्षा वेळेने जास्त मारलं. सहाला निघायचं ठरलं होतं. मग पोहे, जिलबी, नर्मदेच्या घाटावर बॅनर धरून ग्रुप फोटो, ड्रोन उडेना म्हणून पुन्हा फोटो. निघालो तेव्हा पावणेनऊ. फेब्रुवारीअखेरचं निमाडचं ऊन कुणाला हलकं वाटत असेल तर त्याने ते अकरा वाजता घाटात घेऊन बघावं. साग पानं झाडून उभा होता, सावली म्हणाल तर पळसाची, आणि पळसाला तेव्हा फुलं असतात, पानं नव्हे. घाटात आम्हाला ना दुकान दिसलं ना नळ. माझ्या दोन बाटल्या अर्ध्यातच संपल्या. ग्रुप लीडर मोटारसायकलवरून येऊन दर वेळी सांगायचा, “बस भिया, दोनच वळणं राहिली.” ही दोन वळणं तासभर पुरली.

आमच्यात एक साठीच्या काकू होत्या, साध्या हायब्रिड सायकलवर. त्या कुणाचीच वाट न बघता पहाटे साडेपाचला दिवा लावून निघून गेल्या. “अरे, फोटो काय, महेश्वर पळून जातंय का? ऊन मात्र चढणार.” आम्ही वर पोचलो तेव्हा त्या जामगेटच्या सावलीत बसून संत्रं सोलत होत्या. नऊच्या सुमारास आल्या होत्या म्हणे. हा दरवाजा १७९१ साली अहिल्यादेवींनी बांधला. खालून चढून आल्यावर त्याच्या जाड दगडी भिंतींची किंमत कळते. इथे भुट्टे, चहा, पाणी मिळतं, भाव पर्यटकांचे.

आता पिकअपचं. पत्रकात ‘सपोर्ट गाडी सोबत’ एवढंच होतं. ज्यांनी घाटात सायकल या गाडीत चढवली त्यांच्याकडून महूला माणशी ६०० रुपये मागितले, ‘लोडिंग चार्ज’ म्हणून. घासाघीस करून ४०० झाले. मी बसलो नव्हतो, तरी हे चूकच. पैसे भरण्याआधीच विचारा: गाडीत बसलं तर वेगळं काही लागतं का? उत्तर लेखी घ्या.

दुसरा रस्ता विचाराल तर धामनोद–गुजरी–मानपूर हा एबी रोड, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्ग आहे. त्यावरचा गणेश घाट उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम आहे, सायकलला मी तो सुचवणार नाही. बडवाह–चोरल–सिमरोलने वळसा मोठा पडतो. म्हणजे जामघाटच. फक्त मंडलेश्वर सहाच्या आत सोडा, तिथे तीन लिटर पाणी भरून घ्या, खाणं खिशात ठेवा. ग्रुप थांबला तर थांबू दे. पावसाळ्यात जाणार असाल तर ऊन नसेल, पण रविवारी जामगेटवर इंदूरच्या गाड्यांची रांग असते आणि वळणांवर खडी वाहून येते.

वर पोचलो म्हणजे संपलं असं समजू नका. पठार सपाट नाही. बडगोंदापर्यंत रस्ता खालीवर होतो आणि आम्हाला वारा समोरून होता. हिवाळ्यात तो बहुतेक उत्तरेकडूनच येतो. महूत पोटभर खा. राऊपासून ट्रॅफिक लागतो, आणि आमच्यासारखे उशिरा निघालात तर इंदूरच्या राजेंद्रनगरला पोचेपर्यंत अंधार झालेला असेल. मागचा लाल दिवा आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा.