कारवी फुटते तेव्हा

काम कॅलेंडरचं होतं. मे महिन्याच्या पानासाठी कंपनीला मुंबईतलं जंगल हवं होतं, तेही भर उन्हाळ्यातलं: वाळलेलं गवत, कोरडा नाला, वर स्वच्छ निळं आकाश. परवानगीचे कागद हातात येईपर्यंत मे सरत आला आणि 2025 साली नेमका पाऊस घाईला आलेला. 26 मेलाच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. त्याच आठवड्यात एका सकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरलो तर निळ्या आकाशाचा पत्ता नव्हता.

मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. लख्ख उन्हात कान्हेरीच्या माथ्यावरून कॅमेरा कुठेही वळवा, बोरिवली-कांदिवलीचे टॉवर चौकटीत घुसतात आणि मग घरी संगणकावर एकेक पुसत बसावं लागतं. त्या दिवशी ढगांनी ते काम फुकटात करून टाकलं होतं.

सोबत उद्यानातल्याच एका पाड्यावरचे वारली काका होते. ट्रायपॉडची पिशवी त्यांच्या खांद्यावर. कान्हेरीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक उतार आहे, तिथे थांबलो. उतारभर कारवीच्या, म्हणजे डोंगरउतारावर वाढणाऱ्या एका झुडपाच्या, सुकलेल्या काड्या उभ्या होत्या. आदल्या वर्षी, 2024 मध्ये, ती जांभळी-निळी फुलली होती. त्याआधी 2016 मध्ये. सात वर्षं नुसती पानं काढायची, आठव्या वर्षी सगळ्यांनी मिळून फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं, असा तिचा क्रम. मी एफ/11, आयएसओ 100 लावून चौकट जुळवत होतो. पोलरायझर फिरवला की ओल्या काड्यांवरची चमक उतरते आणि खालचा खरा तपकिरी दिसायला लागतो.

एक सर येऊन गेली आणि उतारावरून बारीक टक्‌टक् ऐकू यायला लागली. आधी वाटलं, पानांवरून थेंब पडताहेत. पण पानं होती कुठे?

"कारवी फुटते, साहेब," काका म्हणाले. "पाणी लागलं की बोंड फुटतं. बी लांब उडतं."

मग लक्ष देऊन ऐकलं. आधी डावीकडे दोन-तीन, मग वर कुठेतरी एक, मग सगळ्या उतारावर, मंद आचेवर लाह्या फुटाव्यात तसं. आधीच्या सरींमध्येही कितीतरी फुटून गेली असणार. कित्येक महिने काडीवर वाळत राहिलेलं बोंड भिजलं की ताण सुटतो आणि तडकतं. मी एका बोंडावर लेन्स रोखून बराच वेळ बसलो. ते फुटलं नाही. शेजारचं फुटलं. चौकटीत जे आलं ते एवढंच: करड्या ढगाखाली तपकिरी काड्यांचा डोंगर. दिवसातली सगळ्यात मोठी घटना ऐकायची होती आणि माझ्याकडे यंत्र होतं बघायचं.

काकांना त्याचं काही विशेष नव्हतं. त्यांच्या लहानपणी घराचा कूड कारवीचाच असायचा, वरून शेणमातीचा लेप. आता भिंती विटांच्या.

दुपारी कान्हेरीवर जोराची सर मिळाली आणि पोटापाण्याचं चित्र तिथे झालं. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक माणसं बुद्धमूर्ती बघून परततात. पाऊस पडत असताना वर चढलं तर कळतं की खोदणाऱ्यांनी डोंगराचा उतार किती बारकाईने वाचला होता. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पाणी वळत वळत लेण्याशेजारच्या पोढीत, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यात, उतरतं. सेकंदाचा चौथा हिस्सा उघडझाप ठेवली. पाण्याची ओढ दिसते आणि पाणी पाणीच राहतं. दहा-दहा सेकंद ठेवून त्याचं दूध करायची जी फॅशन आहे ती मला मुळीच आवडत नाही.

कंपनीने पोढीचं चित्र घेतलं, मात्र जुलैच्या पानासाठी. मे महिन्यासाठी मी कारवीचा उतार सुचवला तर फोनवरचा माणूस म्हणाला, "सर, हे मेलेलं वाटतंय. जरा हिरवं करता येईल का?" करता येतं. केलं नाही. मे महिन्याला माझ्या जुन्या साठ्यातला पळस गेला. तो खरं तर फेब्रुवारी-मार्चचा, पण तिकडे कुणाला खटकलं नाही.

जूनच्या अखेरीस, कुणी पैसे देणार नसताना, त्याच उतारावर पुन्हा गेलो. काड्यांच्या बुंध्याशी दोन-दोन पानांची रोपं दाटीने उगवली होती. त्यांची चित्रं रस्त्याच्या कडेला पोटावर झोपून काढावी लागली. फुलायला आता 2032 उजाडेल. तेव्हा पुन्हा इथे इतकी माणसं जमतील की ट्रायपॉडचे तीन पाय टेकायला जागा मिळायची नाही. मला ही मधली वर्षंच सोयीची.