बोअरिंगचं पाणी आणि निळी पुडी

रविवार, रात्री साडेदहा

आज एकदाच्या शाया कालवल्या. निळ्या पावडरच्या दोन पुड्या मागच्या महिन्यात एका जुन्या स्टेशनरीवाल्याने माळ्यावरून काढून दिल्या होत्या, लेबल उंदराने अर्धं खाल्लेलं, म्हणजे किती पाण्याला किती पावडर हे छापलेलं असलंच तर ते उंदराच्या पोटात. लाल पावडर त्याच्याकडेच सुटी मिळाली. तिसरी शाई घरचीच, हिरड्याची पूड आणि हिराकस. हिराकस म्हणजे कृषी सेवा केंद्रात मिळतं ते फेरस सल्फेट. तिथला माणूस विचारतो, सर कलमं पिवळी पडलीत का? हो म्हणून टाकलं, शाई करायचीय सांगितलं असतं तर अर्धा तास तिथेच गेला असता.

पुडीच्या शाईचं मला जे काही वेड आहे त्याचं मूळ वडिलांच्या गोष्टींत आहे, दौत, टाक, आणि सोमवारी शाळेत जाण्याआधी पुडी भिजवायची. कॅम्लिनची सुरुवातसुद्धा अशीच झाली, १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पावडरी आणि वड्या करायला घेतल्या तेव्हा छाप घोड्याची होती, उंट नंतर आला. पण त्या पुड्या मुख्यतः टाकासाठी. टाक दौतीत बुडवायचा, चार शब्द लिहायचे, परत बुडवायचा, शाईत गाळ असला काय नि डिंक असला काय, काही बिघडत नाही. फाउंटन पेनात निबखालच्या जिभेला केसाएवढी खाच असते आणि सगळी शाई तिच्यातून यायची. म्हणून नुसता रंग बघून उपयोग नाही, टेस्ट करायलाच पाहिजे.

खिशातल्या सोन्याच्या काट्यावर मोजून निळीच्या तीन बाटल्या केल्या, १०० मिलीला १, २ आणि ३ ग्रॅम. पाणी कोमट केलं, ढवळलं, रात्रभर ठेवून उद्या गाळणार. पाणी मागच्या मोरीतल्या नळाचं, सगळ्यांना एकच, म्हणजे तुलना बरोबर होईल. (हे वाक्य इथे मुद्दाम तसंच ठेवतोय.)

मंगळवार

गाळताना कॉफीच्या फिल्टरवर निळसर चिखल राहिला, तिन्ही बाटल्यांचा. म्हटलं जुना माल, ओल धरली असेल. भरली तशीच, तीन सारख्या स्वस्त ड्रॉपरवाल्या पेनांत. एकच वाक्य सगळ्या शायांनी लिहितो, 'क्षितिजावर ढग दाटले', कारण क्ष आणि ढ ला गाठी येतात, शाई जास्त सुटत असेल तर त्या गाठी पहिल्यांदा बुजतात. कागद दोन, मुलांचं नेहमीचं फुलस्केप आणि झेरॉक्सचा ७५ जीएसएम.

१ ग्रॅम म्हणजे धुतलेल्या शर्टाचा रंग. २ ग्रॅम छान. ३ ग्रॅमला वाळल्यावर वरून तांबूस चकाकी येते, दिसते राजेशाही, पण तीस सेकंदांनीही बोट फिरवलं की फराटा, आणि निबच्या टोकाला संध्याकाळपर्यंत खपली धरली. त्यात सगळ्या वह्या सादळलेल्या, चिपळूणचा जुलै. फुलस्केपवर अक्षराला मिश्या फुटतात त्यात शाईचा दोष किती आणि हवेचा किती काय माहीत, मग कागद गॅसजवळ शेकून परत लिहिलं तर मिश्या निम्म्या झाल्या. म्हणजे पावसाळ्यात शाईला नावं ठेवण्याआधी कागद शेकावा. नोंद केलीय.

२ ग्रॅमवाली जरा कोरडी चालते, मधे मधे रेघ तुटते. भांडी घासायच्या लिक्विडात टूथपिकचं टोक बुडवून बाटलीत फिरवलं, लगेच सुरळीत. लोभ सुटला म्हणून दुसऱ्यांदा बुडवलं आणि वाट लागली, शाई कागदाच्या मागच्या बाजूने वाचता येईल इतकी उतरली. ही बाटली गेली.

बुधवार

आज हिरड्याची. १० ग्रॅम पूड १०० मिली पाण्यात उकळायची, गाळायची, मग त्यात फेरस सल्फेट टाकलं की काळं होतं. पुस्तकी क्रम असा. माझा काढा फेरस सल्फेटची पुडी उघडायच्या आधीच जांभळट काळा पडला. मी बघतच राहिलो, पातेलं तर स्टीलचं. ही शेजारीच उभी होती, म्हणाली, "अहो, बोअरिंगचं पाणी घेतलंत ना? म्हणून तर मी त्याचा चहा करत नाही, काळा होतो."

दहा वर्षं ऐकतोय हे. बादलीला तांबडा थर बसतो तोही रोज बघतो, आणि आठवीला लोह शिकवतो. हिरड्यातलं टॅनिन काय नि चहातलं काय, लोह भेटलं की काळं होणारच, आणि आमच्या बोअरिंगला लोह भरपूर. तीच तर लोखंडी शाई, पाण्याने माझ्या आधीच करून ठेवली. आणि तो निळा चिखल? तो जुन्या मालाचा नाही तर याच पाण्याचा असणार. सगळ्यांना एकच पाणी, तुलना बरोबर, वा रे वा.

चार पानांच्या नोंदींवर आडवी रेघ मारली.

शनिवार

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन, गॅरेजमधून आणला. सगळं पहिल्यापासून. निळीचा फिल्टर या वेळी जवळजवळ स्वच्छ, पुडीवाल्याला मनातल्या मनात सॉरी म्हटलं. २ ग्रॅमवाली शाई लिक्विडशिवायच नीट चालली, म्हणजे ती कोरडी चाल पण पाण्याचीच. पाण्याचा थेंब टाकला की मात्र साफ वाहून जाते, लोणच्याच्या बरणीवर नाव घालायला हिचा काही उपयोग नाही.

हिरड्याचा काढा या वेळी हवा तसा पिवळट तपकिरी आला, त्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट. लिहिताना फिकट राखाडी दिसते आणि मग हवेतला ऑक्सिजन लागतो तशी काळी होत जाते, चहा पिऊन आलो तर अक्षर दाट झालेलं. थेंब टाकून घासलं, ढिम्म हलत नाही. नळाखाली धरलं, तरी नाही. मी खरं तर निळीवर जीव लावून बसलो होतो, पण इतकं गुमान काम करणारी शाई बघून जरा फितूर झालो.

मंगळवार

फितुरीची शिक्षा. हिरड्याची शाई आम्ल असते आणि बसून बसून गाळ धरते, ती पेनात भरू नये हे माहीत असून भरली होती. आज पेन बंद, स्टीलच्या निबवर काळे ठिपके, बाटलीत वर सायीसारखी बुरशी. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून पेनाची जीभ तासभर बुडवली तर काळं सगळं सुटून आलं, निबवरचे खड्डे मात्र राहिले. ही आता टाकानेच लिहायची, आणि पुढच्या वेळी लवंगेचं तेल एक थेंब.

लाल राहिलीच. जुन्या लाल शायांत इओसिन नावाचा रंग वापरायचे आणि तो उन्हात उडतो, म्हणून एक पट्टी लिहून अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीला चिकटवलीय. आज तिसरा दिवस. ऊनच नाही.