रिबनीचा रोल

नागपूरच्या सदर भागातलं आमचं दुकान वडिलांच्या काळापासून फौजींचं. बेरेट, लॅनयार्डची दोरी, नेमप्लेट सगळं ठेवतो, पण माझा हात बसलाय तो मेडल माउंटिंगवर, म्हणजे मेडलं रिबनीसकट पट्टीवर ओळीनं बसवण्यावर. जानेवारीत कामठीहून मेडलांच्या पिशव्या येतच राहतात. सव्वीस तारखेपर्यंत डबा उभ्याउभ्याच खावा लागतो.

यूएनचं मेडल रांगेत शेवटी लागतं. यूएनच्या शांतिसेनेच्या मिशनवर नव्वद दिवस काढले की मिळतं. ब्राँझचं, मागे इंग्रजीत ‘शांततेच्या सेवेत’ असं कोरलेलं. मेडल सगळीकडे एकच, मिशन बदललं की फक्त रिबन बदलते. म्हणून काँगोचा रोल वेगळा, लेबनॉनचा वेगळा, दक्षिण सुदानचा वेगळा. वडील म्हणायचे, देश पेटला की रिबन येते. पण २०१४ साली मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात उघडलं त्यानंतर मोठं असं नवं मिशन नाहीच. देश पेटायचे मात्र काही थांबले नाहीत.

यंदा एका मंगळवारी सुभेदार साहेब आले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण परेडचं आमंत्रण आलं की कोट निघतो. काँगोच्या रिबनीला कसर लागली होती. मी जुनी उसवत होतो, तेवढ्यात एक लान्स नायक आला. त्याला यूएनची निळी बेरेट आणि खांद्यावरचे पॅच हवे होते.

“कुठं चालला?” साहेबांनी विचारलं.

“लेबनॉन, साहेब. शेवटचीच बॅच समजा.”

सुईवरचा माझा हात थांबला. लेबनॉनचं मिशन १९७८ पासूनचं. आपली बटालियन तिथे १९९८ पासून, म्हणजे मी दुकानात बसायला लागलो त्याच्याही आधीपासून. पोरगा सांगू लागला, सुरक्षा परिषदेनं ३१ डिसेंबर २०२६ ही मुदत ठरवली आहे, त्यानंतर वर्षभरात आवरून निघायचं. मला आधी काय आठवलं असेल? मागच्याच वर्षी मागवलेला तिथल्या रिबनीचा मोठा रोल. डीलर माल परत घेत नाही.

“काहून बंद करून राहिले? शांतता झाली का तिथं?” साहेब म्हणाले.

पोरगा हसला. “पैसा नाही साहेब. अमेरिका एकटीच चौथ्या हिश्शाहून जास्त द्यायची, तिनं हात आखडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर नऊ मिशनमधली चौथा हिस्सा माणसं कमी करायचं ठरलं. आणि कुठं कुठं तर यजमान देशच नको म्हणतो. मालीनं २०२३ मध्ये निघा म्हणून सांगितलं, वर्षअखेर तंबू उचलले.”

“मग भांडणं कोण सोडवते आता?”

“हैतीत केनियाचे पोलीस गेले. परवानगी सुरक्षा परिषदेची, पण टोपी यूएनची नाही, खर्चही देणग्यांतून. आफ्रिकेत आफ्रिकन युनियननं सैन्य उभं केलं तर पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पैसे यूएन देऊ शकते, असा ठराव २०२३ मध्ये झाला.”

“म्हणजे ठेकेदारी.” साहेबांनी मान हलवली. “शिक्का साहेबाचा, घमेलं दुसऱ्याच्या डोक्यावर.”

मला हे पटलं, पण पूर्ण नाही. ज्याचं घर जवळ त्याला आग लवकर दिसते. फक्त शेजाऱ्याचा स्वतःचा डोळा त्या वावरावर नसावा, एवढंच.

मग साहेब काँगोतल्या गोमा शहराबद्दल बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नोव्हेंबर २०१२. एम-२३चे बंडखोर शहरात शिरले, सरकारी फौज निघून गेली, आणि निळ्या टोप्या बघत राहिल्या. “हातात रायफल होती मास्टर. पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर.” पुढच्या वर्षी परिषदेनं दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीची वेगळी ब्रिगेड उभी केली, चढाई करायची मुभा असलेली. बंडखोर हरले. “तेव्हा वाटलं, आता सुधारलं.”

थोडं थांबून म्हणाले, “पंचवीसच्या जानेवारीत त्यांनी गोमा परत घेतलं. मी घरी टीव्ही पाहून राहिलो होतो. बायको म्हणे, आवाज कमी करा.”

आपल्या लोकांचा दवाखाना होता तिथे. बाया उन्हातान्हात लेकरं पाठीला बांधून यायच्या. त्यातल्या एका पोराला साहेबांनी नागपुरी संत्र्याच्या गोळ्या दिल्या होत्या. नाव आठवत नव्हतं. बराच वेळ आठवून पाहिलं, आणि मग मला म्हणाले, “रिबन नीट ताण, सुरकुती पडली.”

पोरानं पॅचचे पैसे दिले आणि दारातून मागे वळला. “मास्टर, परत येईन तेव्हा लेबनॉनची रिबन मिळेल ना?”

“रोल पडूनच आहे बाबा.”

“अ‍ॅडव्हान्स घ्या त्याच्याकडून,” साहेब म्हणाले.

पन्नास रुपये घेतले. एका मेडलला लागते तेवढी पट्टी कापली, पाकिटात घातली आणि वर त्याचं नाव लिहिलं. रोल परत फळीवर ठेवताना हाताला अजून जडच लागत होता.