रिकाम्या फुलांचा दोष

जास्त लायसिन (प्रथिनांतले एक अत्यावश्यक अमिनो आम्ल) देणारे जनुक चांगल्या वाणात आणण्यासाठी केलेल्या जवाच्या त्या बॅकक्रॉसमध्ये, म्हणजे संकरित झाडांच्या त्या वाणाशीच पुन्हा केलेल्या संकरात, काही झाडांच्या ओंब्यांत जागोजागी फुले रिकामी राहिली होती. आमच्या ज्येष्ठ पैदासकारांनी एक ओंबी हातात घेऊन पाहिली आणि "लायसिनच्या जनुकाबरोबर हे असं यायचंच" असे म्हणून आठपैकी पाच ओळी (एका वंशाच्या झाडांचे गट) त्याच आठवड्यात उपटायला लावल्या.

आमची दाता ओळ, म्हणजे जिच्यातून ते जनुक घेतले ती, डेन्मार्कमधील रिसो १५०८ या उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) जवाच्या वंशातली होती. या जवात लायसिन सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असते, कारण लायसिनचा तुटवडा असलेले हॉर्डीन हे साठवणीचे प्रथिन त्यात घटते. मात्र पिष्टही घटते आणि दाणा सुरकुततो. हे जनुक अप्रभावी, म्हणजे दोन्हीकडून आले तरच परिणाम दाखवणारे, असल्याने संकरित झाडाच्या ओंबीत चौथा हिस्सा दाणे सुरकुतलेले मिळतात. पण सुरकुतलेला दाणा निराळा आणि मुळात दाणाच न धरलेले फूल निराळे, हा फरक त्या दिवशी कोणी केला नाही.

ओंबीत रिकाम्या फुलांच्या फटी दिसेपर्यंत अर्धसूत्री विभाजन, म्हणजे परागकण आणि बीजांडे घडवणारे पेशीविभाजन, केव्हाच होऊन गेलेले असते. म्हणून उरलेल्या तीन ओळींतील उशिरा आलेल्या फुटव्यांच्या, पानाच्या आवरणातच असलेल्या कोवळ्या ओंब्या मी सकाळी काढल्या. विभाजन ओंबीच्या मधल्या भागात आधी सुरू होते आणि एका फुलातले तिन्ही परागकोश बरोबरीने चालतात, त्यामुळे एक चिरडून अवस्था पाहायची आणि योग्य ठरल्यास उरलेले दोन अल्कोहोल व अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायचे, अशी माझी पद्धत आहे. गुणसूत्रे रंगवणाऱ्या अॅसिटोकार्मिनचा थेंब, कव्हरस्लिपवर अंगठ्याचा सरळ दाब, आणि पेशी न सरकता पसरली पाहिजे; यात घाई केली की दिवस वाया जातो.

जवाच्या १४ गुणसूत्रांच्या सात जोड्या दिसायला हव्या होत्या. दिसल्या पाच, आणि त्यांच्या शेजारी चार गुणसूत्रांचे एक कडे, काही पेशींत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पीळ पडलेले. पीळ पडलेल्या कड्यातून संतुलित परागकण निघतात. उघड्या कड्यातून निघालेल्यांत गुणसूत्राचा एखादा तुकडा कमी पडतो आणि ते पोकळ राहतात; बीजांडांचेही तसेच होते, म्हणून फूल रिकामे राहते. म्हणजे दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले होते. दाता ओळीला मधल्या काळात गॅमा किरणांची मात्रा दिल्याची नोंद प्रक्षेत्राच्या वहीत होती, आणि ती कोणी उघडली नव्हती याचा मला अजूनही राग येतो.

मला छळतो तो पुढचा प्रश्न. लायसिनचे जनुक ५एच (त्या सात जोड्यांपैकी एक) गुणसूत्रावर आहे, आणि अदलाबदलीत तेच गुणसूत्र सामील असेल तर भरगच्च ओंबीची झाडे निवडता निवडता आपण जनुकच गमावू. उरलेल्या ओळींत फटी असलेली अकरा झाडे आहेत, त्यांपैकी नऊंच्या ओंब्यांत सुरकुतलेले दाणेही आहेत. एवढ्यावरून जनुक आणि गुणसूत्र तुटल्याची जागा जवळ आहेत असे वाटते, पण ठामपणे सांगायला त्या पाच ओळींतली झाडे हवी होती. या अकरा झाडांचे बी मी स्वतंत्र पाकिटांत भरून ठेवले आहे आणि पुढच्या रब्बीत प्रत्येक झाडाचे परागकण मोजणार आहे.