पंप बंद, पंखे चालू : सोलापूरच्या उन्हात लिक्विड कूलरचा दोष शोधताना

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हे माझं काम. जुळे सोलापुरात घरातल्याच एका खोलीत माझं टेबल आहे आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत तिथलं मशीन दिवसरात्र चालू असतं. प्रोसेसर इंटेलचा आय-७ १२७००के, त्यावर २४० एमएमचा लिक्विड कूलर, म्हणजे पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारा. ऐन सीझनमध्ये हे मशीन रेंडरच्या, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याच्या, मध्येच बंद पडायला लागलं. आधी रेंडर नेहमीपेक्षा कितीतरी लांबायचा, मग माऊस अडखळायचा आणि मग एकदम काळी स्क्रीन. बंद पडल्यावर लगेच बटण दाबलं तर सुरू व्हायचं, पण पुन्हा दोन-चार मिनिटांत तेच.

मशीन ज्यांच्याकडून बांधून घेतलं त्या दुकानदारांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, बाहेर ४२-४३ चाललंय. या दिवसांत सगळ्यांचेच पीसी तापतात. खोलीत एसी लावा, नाहीतर रात्री काम करा."

हे उत्तर मला पटलं नाही, आणि ते का पटलं नाही हेच या अनुभवात सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपल्याकडे मार्च उजाडला की संगणकाच्या प्रत्येक दुखण्याचं खापर उन्हावर फोडलं जातं. पण कूलरचं काम एवढंच असतं की प्रोसेसरची उष्णता उचलायची आणि खोलीतल्या हवेला द्यायची. खोली जेवढी तापेल, तेवढाच प्रोसेसर साधारण वर सरकतो. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा कायम दिसत असतो, त्यामुळे हे मला पाठच आहे : जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत खोली २५ अंशांवर असते तेव्हा नुसतं मशीन चालू ठेवलं तर प्रोसेसर ३५ च्या आसपास असतो. उन्हाळ्यात दुपारी खोली ३७ झाली की तो ४७-४८ दाखवतो. म्हणजे उन्हाने वाढवले १२-१३ अंश. आता मात्र काहीही न करता आकडा नव्वदीत जात होता. एवढं काम उन्हाचं नाही.

आणि नुसता आकडा बघून भागत नाही, तो किती वेगाने चढतो ते बघावं लागतं. चांगल्या लिक्विड कूलरमध्ये आतलं पाणी हळूहळू तापतं. रेंडर लावला की प्रोसेसर एकदम थोडा वर उडी मारतो आणि मग पुढची पंधरा-वीस मिनिटं एकेक अंश वर सरकत एका जागी थांबतो. माझ्याकडे रेंडरचं बटण दाबल्यावर काही सेकंदांत १०० लागत होते. १०० ही या प्रोसेसरची मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग तोडायला लागतो. सगळे मोठे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर धावणारा हा प्रोसेसर दीडच्याही खाली आलेला मी बघितला. रेंडर का लांबत होता ते तिथे कळलं. वेग तोडूनही उष्णता आवरली नाही की स्वतःला वाचवायला मशीन बंद पडतं.

दुकानदारांची दुसरी शंका एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर होती. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद दिसत होती, ती त्यांना पुरावा वाटली. पण ती नोंद मशीन कुठल्याही कारणाने अचानक बंद पडलं की पुढच्या वेळी येतेच. वीज गेली तरी येते, कुणी वायर ओढली तरी येते. ती कारण सांगत नाही. यूपीएसवरचा संशयही मी बाजूला काढला, कारण मॉनिटर त्याच यूपीएसवर होता आणि तो एकदाही बंद झाला नव्हता. फॉरमॅट मारून बघू, असंही सुचवलं गेलं. त्याचं उत्तर मिळवायला फॉरमॅटची गरज नव्हती. मशीन तासभर बंद ठेवलं, गार होऊ दिलं आणि विंडोज सुरू होऊच न देता डिलीट बटण दाबून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन बसले. ४६, ५५, ६८, ७९. मी नुसती बघत होते आणि आकडा चढत होता. विंडोज सुरूच नाही म्हटल्यावर व्हायरस नाही, सॉफ्टवेअर नाही. दोष हार्डवेअरमध्येच होता.

मग कॅबिनेटची काच काढली. रेडिएटरचे, म्हणजे पाणी निववणाऱ्या जाळीचे, दोन्ही पंखे व्यवस्थित फिरत होते. आपल्या घराघरांत जे उन्हाळी कूलर असतात त्यांचा पंप बंद पडला की काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको : पंखा जोरात फिरतो, पण जाळी कोरडी असते आणि अंगावर गरम वारा येतो. इथे नेमकं तेच आहे का, हे बघायचं होतं.

बोटांनी बघता येतं. प्रोसेसरवर बसणाऱ्या गोल डब्यात पंप असतो. त्यातून दोन रबरी नळ्या रेडिएटरकडे जातात. एकीतून तापलेलं पाणी जातं, दुसरीतून निवलेलं परत येतं. पंप चालू असताना पाणी इतकं भरभर फिरतं की दोन्ही नळ्यांत जेमतेम अंश-दोन अंशांचा फरक असतो, हाताला तो कळतही नाही. रेंडर चालू असेल तर दोन्ही कोमट लागतात आणि रेडिएटरमधून येणारी हवाही गरम असते. माझ्याकडे पंपाच्या डब्याला बोट टेकवत नव्हतं. नळी डब्यापाशी गरम, चार बोटं पुढे गेलं की गार. रेडिएटर पूर्ण गार, आणि त्यातून येणारी हवा खोलीतल्या हवेइतकीच. पाणी जागचं हलतच नव्हतं. (हे करताना हात फक्त नळ्यांना लावायचा. मदरबोर्डला, फिरत्या पंख्यांना लांब ठेवायचं, आणि डब्याला बोट अगदी ओझरतं लावायचं.)

मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पंपाच्या झाकणावर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. चांगल्या पंपाची बारीक घरघर अशी ऐकू येते. इथे काहीच नव्हतं.

आता प्रश्न असा की पंप बंद असूनही मशीनने कधीच तक्रार का केली नाही? सीपीयू फॅन फिरत नसेल तर मदरबोर्ड सुरू होतानाच 'सीपीयू फॅन एरर' दाखवतो. उत्तर वायरींच्या जोडणीत होतं. रेडिएटरचे पंखे सीपीयू फॅनच्या पिनांवर लावलेले होते आणि पंपाची वायर वेगळ्या, पंपासाठीच दिलेल्या पिनांवर. त्यामुळे बायॉसमध्ये सीपीयू फॅनसमोर ११०० च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसत होते आणि सगळं ठीक वाटत होतं. ते आरपीएम पंख्यांचे होते. पंपाची ओळ खाली, दुसऱ्या पानावर. तिथे शून्य.

पण शून्य दिसलं म्हणजे पंप मेलाच असं धरून चालणार नाही. त्या पिनांवरच वीज येत नसेल तर? म्हणून मशीन बंद करून पंपाची वायर काढली आणि तिथे कॅबिनेटचा एक साधा पंखा लावला. तो फिरला, आरपीएमही दिसले. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष. मग पंपाची वायर पंख्याच्या पिनांवर लावून बघितली, वेग शंभर टक्के ठेवला, कारण पंपाला पूर्ण १२ व्होल्ट मिळायला हवेत. तरी शून्य. हे सगळं मी मोबाईलवर शूट करत गेले, त्याचा उपयोग पुढे झाला.

दुकानदारांना व्हिडिओ पाठवला तेव्हा मात्र ते स्वतः घरी आले, आणि त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. मशीन बायॉसमध्ये ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या झाकणावर हलक्या टिचक्या मारल्या. चौथी की पाचवी टिचकी बसली आणि खर्रर्र करून पंप सुरू झाला. आरपीएम शून्यावरून २४०० वर, आणि प्रोसेसर ९१ वरून बघता बघता ४७ वर! रेडिएटरमध्ये साठून राहिलेलं गार पाणी एकदम आलं होतं. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. मिनिटभराने आवाज खोल गेला, बंद पडला आणि आकडा पुन्हा चढायला लागला.

"ताई, तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "चक्री अडकतेय आतली."

यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणं अवघड. तरी कूलर उतरवल्यावर त्याच्या तांब्याच्या पाटीवरची, प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्टही आम्ही बघितली. ती सगळीकडे सारखी पसरलेली होती, म्हणजे कूलर तिरका बसला होता किंवा स्क्रू सैल होते असंही नव्हतं. उतरवताना मशीन बंद करून, पण प्रोसेसर थोडा कोमट असतानाच, डबा डावी-उजवीकडे किंचित फिरवत उचलायचा. सरळ ओढायचा नाही. जुनी पेस्ट मोबाईल रिपेअरवाले वापरतात त्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) निघते.

प्रोसेसरला तर काही झालं नाही ना, ही धाकधूक होतीच. दुकानदारांकडे इंटेलच्याच १२४०० प्रोसेसरच्या डब्यातून आलेला साधा हवेचा कूलर पडून होता. सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) तेच असल्याने तो बसतो. तो लावला, बायॉसमध्ये प्रोसेसरची वीज ६५ वॉटवर बांधून ठेवली आणि रेंडर लावला. आवाज बराच झाला, वेळही जास्त लागला, पण आकडा एका जागी थांबला आणि रेंडर पूर्ण झाला. त्याच जुगाडावर मी अक्कलकोटच्या एका लग्नाची फिल्म वेळेत दिली. त्या घरच्या आजी पूजेनंतर परगावी जाणार होत्या आणि जायच्या आधी त्यांना ती बघायची होती, म्हणून माझा जीव अडकला होता.

वॉरंटी शिल्लक होती, त्यामुळे पंप उघडायचा मोह आवरला. उघडला की वॉरंटी गेली. कंपनीने बिल, सिरीयल नंबर आणि दोषाचा व्हिडिओ मागितला. शून्य आरपीएम, त्याच पिनांवर फिरणारा पंखा आणि टिचकीनंतर कोसळणारं तापमान, हे तिन्ही पाठवल्यावर पुढचा एकही प्रश्न आला नाही. कुरियरने जुना गेला, काही आठवड्यांनी नवा आला.

तोपर्यंत मी पुण्याहून एका टॉवरचा, १२० एमएम पंख्याचा हवेचा कूलर मागवून बसवला होता, कॅबिनेटची काच लागेल एवढी उंची आधी मोजून. माझ्या मशीनवर तोच ठेवला आहे. वीज १२५ वॉटवर ठेवली की भर दुपारच्या रेंडरमध्ये तो ऐंशीच्या वर जातो, लिक्विडइतका गार नाही ठेवत. पण त्यात बिघडण्यासारखा एकच भाग आहे, पंखा, आणि तो बिघडला तर सोलापुरातल्या नवी पेठेतून तासाभरात दुसरा आणता येतो. सीझनमध्ये मला यापेक्षा मोठं काही नको. बदलून आलेला लिक्विड कूलर दुकानदारांनी विकत घेतला आणि दुसऱ्या एका एडिटरच्या मशीनला बसवला. पंपाची वायर यावेळी त्यांनी सीपीयू फॅनच्या पिनांवर लावली, आणि आरपीएम कमी झाले की ओरडेल अशी बायॉसमधली सूचनाही चालू करून दिली.